दोन फटक्यांची कात्री

“सून आणली तीही या कात्रीसारखीच. तोंड आहे, पण चालत नाही.”

आमच्या घरधनिणीनं, कुलुइपानं, हे शेजारच्या सोनुनबूला सांगितलं. चहा ओतता ओतता, आवाज खाली करून. आवाज खाली केला की आपलं बोलणं भिंतीपलीकडे जात नाही अशी माणसांची पक्की समजूत असते. इथं तर भिंतही नव्हती, नुसता पडदा होता. पडद्याआड दोन दिवसांची नवी नवरी बसली होती, तिनं ते ऐकलं. पडद्याशेजारच्या खिळ्याला मी टांगलेली होते, मीही ऐकलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. म्हणजे तिनं पाहिलं. मी नेहमीसारखी उलटी लटकत होते.

तर मी कात्री बोलतेय. तीच, तोंड असून न चालणारी.

माझा जन्म दूर रशियातल्या एका कारखान्यात झाला. त्या काळी वस्तूची किंमत वस्तूवरच ठोकून पाठवत. माझ्या पात्यावर अजून वाचता येते, एक रुबल वीस कोपेक. बायकांना वय तरी लपवता येतं, मला किंमतही लपवता येत नाही. कुलुइपाच्या आईनं मला तालुक्याच्या दुकानातून आणलं आणि लेकीच्या आंदणाच्या पेटीत, रजयांच्या घडीत, खुपसून या घरी पाठवलं. एकतीस वर्षं झाली त्याला. तेव्हा याच पडद्याआड कुलुइपा बसली होती आणि तिची सासू कुणाला तरी सांगत होती, पोरगी मुकी निघाली की काय कोण जाणे. तेही मी ऐकलं होतं. पण एकदा का माणूस पडद्याबाहेर येऊन चहाच्या किटलीशी बसलं, की आपण कधी आत होतो हे त्याला आठवत नाही.

या घरात मी काय काय कापलं! रजयांची कापडं, नमद्याचे, म्हणजे लोकरीच्या जाड गालिच्याचे, काठ, घोड्यांची आयाळ, थोरल्या मुलाचं, उलानचं, जावळ. कुलुइपाचा नवरा जुमाश तर मला पक्कड समजायचा. त्यानं माझ्याकडून पत्रा कापून घेतला, चामडं कापून घेतलं आणि एकदा कुंपणाची तारही. त्या तारेनं माझा घात केला.

झालं असं. मूल चालायला लागलं की आमच्याकडे त्याच्या दोन्ही घोट्यांना मिळून काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात. त्याला तुशो म्हणतात. गावातली पोरं शंभर पावलांवरून धावत येतात, जो पहिला येईल तो दोरा कापतो. दोरा तुटला की मुलाचे पाय मोकळे झाले, आता ते जन्मभर अडखळणार नाही. कुलुइपाच्या शेंडेफळाचा, गुलाइमचा, तुशो होता. आदल्याच दिवशी जुमाशनं माझ्याकडून तार कापून घेतली होती. शर्यत जिंकली गिरणीवाल्याच्या गोलमटोल पोरानं. धापा टाकत त्यानं मला हातात घेतलं, दोऱ्यावर चालवलं, आणि मी लोकरीतच अडकले. सगळे हसले. त्यानं पुन्हा जोर लावला तेव्हा दोरा तुटला. लोक जेवले, ओठ पुसत घरी गेले, विसरले. कुलुइपा विसरली नाही. दोन फटके लागले, हे तिनं मनात गाठ मारून ठेवलं.

आणि गुलाइम अडखळायलाच लागली की हो! उंबऱ्याला अडखळे, सतरंजीच्या काठाला अडखळे, सपाट अंगणात काहीच नसताना अडखळे. चालताना गुडघे उंच उचलायची, जणू ओढ्यातून चाललीय. ती पडली की घरातले सगळे आधी तिच्याकडे बघत आणि मग खिळ्याकडे, माझ्याकडे. दोन फटक्यांची कात्री. आठ वर्षं हे नाव मी मिरवलं.

एवढी अपशकुनी, तर मला फेकून द्यायचं ना? छे. माणसांचं हे एक मला न उलगडलेलं कोडं आहे. ज्याला नावं ठेवतात त्यालाच कामाला लावतात. गुलाइमची नखं कापायचं काम माझ्याकडेच होतं.

तिच्या पायांची बोटं आत वळलेली, तळवा कमानीसारखा उचललेला, आणि दोन्ही अंगठ्यांची नखं महाहट्टी. कडेनं मांसात घुसायची. बाजूचं मांस फुगून लाल व्हायचं, मग ओलं व्हायचं. कुलुइपा दर रविवारी ओसरीवर पोरीचा पाय मांडीवर घ्यायची, माझं टोक नखाच्या कोपऱ्यात घालायची आणि कोपरा खोल, गोल उकरून काढायची. वर मेंढीच्या शेपटाची चरबी किंवा भाजलेला कांदा बांधायची. कापलेली नखं कागदात गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचायची. काम फत्ते. दहा दिवसांनी अंगठा पुन्हा तसाच.

दोऱ्याचा दोष मी मानत नाही, पण हा दोष माझा आहे, कबूल करते. मला जे दिसतं ते मी कापते. कोपऱ्यात खोल, मांसाखाली, नखाची एक बारीक काटकी राहून जायची. नख वाढलं की तीच काटकी काट्यासारखी पुढे घुसायची. जितकं आम्ही उकरलं, तितकं नख हट्टाला पेटलं.

आणि हे सगळं चालू असताना गुलाइम काय करायची? गाणं म्हणायची. समोरच्या डोंगरावरच्या मेंढ्या मोजायची. एकदा तर रक्त तळव्यावरून ओघळत होतं आणि ही विचारत होती की आज जेवायला काय आहे. जुमाशला त्याचा कोण अभिमान! आल्यागेल्याला दाखवायचा. “बघा, लांडग्याचं पिल्लू आहे. हूं नाही की चूं नाही. माझ्यावर गेलीय. लहानपणी मी बर्फातून अनवाणी मेंढ्यांमागं फिरलोय, पाय गारठल्याचं मला कधी कळलंसुद्धा नाही.” पाहुणे माना डोलवायचे आणि आपापला चहा पुढे करायचे. त्याची ही बढाई सगळ्यांना पाठ होती. ती बढाई नव्हतीच, हे कळायला पुढं एक डॉक्टरीण लागली.

आता पडद्याआडच्या नवरीकडे येते. तिचं नाव पेरिझात. उलानची बायको, या घरची केलिन.

केलिन म्हणजे घरात सगळ्यांत आधी उठणारी, अंगण झाडणारी, चहा ओतणारी आणि सगळ्यांत शेवटी बसणारी बाई. शिवाय तिनं सासरच्या कुणाचंच नाव घ्यायचं नाही. सासऱ्याचं नाही, सासूचं नाही, अगदी नवऱ्याच्या धाकट्या बहिणीचंही नाही. म्हणून ती सासूला ‘एने’ म्हणे, सासऱ्याला ‘अता’, आणि गुलाइमला ‘एर्के’, म्हणजे लाडोबा. मला मात्र अशी काही बंदी नाही, मी सगळ्यांची नावं बिनधास्त घेते. कात्री असण्याचा तेवढाच फायदा.

पेरिझात गप्प असायची, पण तिचे डोळे गप्प नव्हते. जुमाशला पेला अर्धाच भरून द्यायचा म्हणजे त्याला पुन्हा पुन्हा मागता येतो, हे तिनं पडद्याबाहेर आल्याच्या पहिल्याच दिवशी ओळखलं. कुलुइपा रागावली की भांडी मोठ्यानं ठेवते आणि फार रागावली की अगदी हळू, हेही तिला तिसऱ्या दिवशी कळलं. आणि गुलाइमची दोन्ही पायांची चप्पल चालता चालता पायातून निसटते आणि पोर अनवाणीच चार पावलं पुढे जाते, तिला पत्ताच नसतो, हे तिनं पाहिलं. हे त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल, तर वेंधळी म्हणून हसून सोडून दिलं होतं.

लग्नाला तीन आठवडे झाले असतील. रविवार होता. नखं मऊ व्हावीत म्हणून कुलुइपानं घमेल्यात मीठ टाकलं, किटलीतलं पाणी ओतलं, आणि एवढ्यात सोनुनबूनं फाटकातून हाक मारली. गार पाणी घालायचं राहिलं. गुलाइमनं दोन्ही पाय घमेल्यात सोडले आणि शाळेची कविता पाठ करायला घेतली. पेरिझात टॉवेल घेऊन आली. टॉवेलाचं टोक पाण्यात पडलं म्हणून तिनं हात घातला आणि झटकन मागे घेतला. पोरीचे पाय घोट्यापर्यंत बीटासारखे लाल झाले होते.

“एर्के, पाणी कसं आहे?”

“ओलं आहे, जेंगे,” गुलाइम म्हणाली. जेंगे म्हणजे वहिनी. वहिनीची थट्टा करायची संधी ती सोडत नसे.

पेरिझात हसली नाही. तिनं तांब्याभर गार पाणी घमेल्यात ओतलं, मग आणखी एक. तेवढ्यात कुलुइपा परतली, पाय बघून म्हणाली, छान, आता मऊ झाली असतील. मग तिनं मला घेतलं आणि आम्ही कोपऱ्यात शिरलो. पू निघाला. गुलाइम कवितेचं तिसरं कडवं म्हणत होती. पेरिझात पाय धरून बसली होती. ती पोरीच्या तोंडाकडे बघत होती, अंगठ्याकडे नाही. इतक्या वर्षांत त्या ओसरीवर बसलेलं प्रत्येक माणूस अंगठ्याकडेच बघत आलं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी खिळा रिकामा झाला. मला काढलं ते पेरिझातनं. ओढणीत गुंडाळून तिनं मला आपल्या आंदणाच्या पेटीत, पाच रजयांच्या खाली, ठेवून दिलं. एकतीस वर्षांनी मी पुन्हा नव्या नवरीच्या पेटीत आले.

पुढच्या रविवारी घर उलटंपालटं झालं. कुलुइपाचा संशय जुमाशवर, कारण तारा. जुमाशचा संशय सोनुनबूवर, कारण तिनं वसंतात नेलेली जाड सुई अजून परत केली नव्हती. हे सोनुनबूच्या कानावर गेलं आणि तिनं चार दिवस फाटकाकडे ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी सुई परत आली. माझा पत्ता नाही. या सगळ्या गोंधळात पेरिझात खाली मान घालून चहा ओतत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं भोळेपण होतं की, मी पेटीत आहे की नाही याची मलाच शंका आली.

तिनं फोनवर उलानला सांगून पाहिलं. तो मालाचा ट्रक घेऊन ओश शहराच्या वाटेवर होता. पेटीवर बसून ती बोलत होती, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. तो म्हणाला, मी सांगितलं तर आई म्हणेल, महिना झाला नाही तर बायकोनं पढवला. तूच सांग. गोड बोलून सांग. नवऱ्यांना अवघड काम असं अलगद बायकोच्या ओटीत टाकता येतं.

मग पेरिझातनं एक धाडस केलं. बाजाराच्या दिवशी लोकर आणते म्हणाली, पिशवी धरायला म्हणून एर्केला बरोबर घेतलं आणि बाजार सोडून सरळ तालुक्याच्या दवाखान्यात गेली. तिच्या पिशवीत तळाशी मी होते.

खिडकीतल्या बाईनं विचारलं, “मुलीचं नाव?”

पेरिझात गप्प. नाव कसं घेणार?

“वडलांचं नाव?”

त्याहून गप्प.

“आईचं तरी सांगा. मूल तुमच्या घरचंच आहे ना?”

पेरिझातनं गुलाइमला कोपरानं ढोसलं. “एर्के, तू सांग.” गुलाइमनं सगळ्यांची नावं खणखणीत सांगितली, वर घरच्या कुत्र्याचंही सांगितलं. खिडकीतली बाई हसायला लागली. म्हणाली, कळलं गं बाई, मीही कुणाची तरी केलिन आहे.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी गुलाइमचे मोजे काढले, दोन्ही अंगठे पाहिले. रबरी हातोडीनं गुडघ्याखाली हलकेच ठोकलं. एरवी माणसाचा पाय उडतो म्हणे. गुलाइमचा हलला नाही. मग तिला डोळे मिटायला सांगून त्या टाचणीच्या टोकानं एकेक बोट टोचत गेल्या. पाच बोटं झाली. दुसऱ्या पायाची पाच झाली.

“सुरू केलं का?” गुलाइमनं मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

पेरिझात खिडकीबाहेर बघायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं. पोरीच्या पायांतल्या नसा अशक्त आहेत. मेंदूकडे निरोप पोचवणं हे त्यांचं काम, तो निरोप अर्ध्या वाटेत विरतो. म्हणून पाऊल उचलून टाकावं लागतं, म्हणून बोटं वळलीत, आणि वळलेल्या बोटाला बूट दाबतो म्हणून नख घुसतं. हे दुखणं बहुधा घराण्यातून येतं. नख दुरुस्त होईल, नसा पूर्ण बऱ्या होणार नाहीत, पण सांभाळता येतील. दुसऱ्या पोराला नख टोचलं तर ते रडून घर डोक्यावर घेतं आणि वेळेवर दवाखान्यात येतं. हिचं सडत गेलं तरी ही गाणं म्हणेल. जखम हाडापर्यंत गेली तर अंगठा जाऊ शकतो. “उकरायचं बंद. घट्ट बूट बंद. अंगठा सुकेपर्यंत पळणं बंद. आणि याच आठवड्यात राजधानीत न्या. आई नाहीतर वडील पाहिजेत, सही लागेल.”

मग पेरिझातनं मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. “आत्तापर्यंत हिनं कापायचे.”

बाईंनी मला दोन बोटांत उचललं. पात्यावरची किंमत मोठ्यानं वाचली. “हिची पेन्शन कधीच सुरू व्हायला हवी होती,” म्हणाल्या. मी तो अपमान गिळला. खरं होतं ते.

परतताना बाजारात एका म्हाताऱ्या धारवाल्याकडे पेरिझातनं मला धार लावून घेतली. का, ते तेव्हा मला कळलं नाही. बहुतेक तिलाही नसावं. डॉक्टरीणबाईंनी दिलेली चिठ्ठी आणि मी, दोघी पुन्हा पेटीत गेलो. त्याआधी वाटेतच गुलाइमच्या ओठांना मध लावला गेला, म्हणजे आइस्क्रीम दिलं गेलं, आणि पोरीनं गुपित राखलं.

आता फक्त सांगायचं होतं. पण काय सांगायचं? मी तुम्हाला न विचारता तुमच्या लेकीला दवाखान्यात नेलं? तुमच्या घराण्यात खोट आहे? दीड महिन्याच्या सुनेनं असं म्हणायचं? रोज सकाळी अंगण झाडताना तिची तालीम चाले. खिडकीखाली येऊन ती पुटपुटायची, “एने, एक सांगायचं होतं. एने, रागावू नका, पण एक सांगायचं होतं.” मग घरात यायची, कुलुइपासमोर उभी राहायची, तोंड उघडायची, आणि म्हणायची, “एने, चहा आणू?” त्या चार दिवसांत कुलुइपानं आयुष्यात प्यायला नसेल इतका चहा प्यायला.

पाचव्या दिवशी कुलुइपाच्या बहिणीकडे नातवाचा तुशो होता. आमच्याच गावात, ओढ्यापलीकडे. शर्यतीत पळायचं म्हणून गुलाइम आठवडाभर नाचत होती. आजवर तिला कुणी शर्यतीत घेतलंच नव्हतं, पडेल म्हणून. यंदा जुमाशनंच हट्ट धरला. म्हणाला, लांडग्याचं पिल्लू पळेल, आणि तिच्यासाठी लाल बूट आणले, चकाकत्या बकलाचे. दोन आकडे लहान. पायात घालून त्यानं विचारलं, लागतात का? पोरीनं बकलाकडे बघत मान हलवली, नाही. तिला कुठून लागणार!

सकाळी सगळे निघायच्या गडबडीत असताना पेरिझातनं पेटी उघडली. मला खिळ्यावर परत अडकवायचं तिच्या मनात होतं, शुभ दिवशी चोरीचा माल घरात नको म्हणून. पण कुलुइपा दारातून हाका मारत होती. पेरिझातनं मला बंडीच्या खिशात टाकलं आणि निघाली. म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

ते सांगते, पण सगळ्यांत शेवटी. आधी आजचं सांगते.

त्या तुशोनंतर चार दिवसांनी ते चौघं राजधानीला गेले. कुलुइपा, जुमाश, गुलाइम आणि पेरिझात. तिथं नखाच्या कडा कायमच्या काढल्या. डावा अंगठा शहाण्यासारखा बरा झाला. उजव्यानं चार महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढलं. शेवटी नख कुणाचं, कुलुइपाच्या लेकीचं. पुन्हा गेले, पुन्हा काढलं, आता सरळ वाढतंय. तिथल्या डॉक्टरांनी सहज म्हणून जुमाशला मोजे काढायला लावले. आमच्या घरातही त्याचे पाय कुणी धड पाहिले नव्हते. तीच कमान, तीच वळलेली बोटं. घोड्यावर बसून बसून असे झालेत, असं तो सांगत होता. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. त्या दिवसापासून बर्फात अनवाणी फिरल्याची गोष्ट आमच्या घरात कुणी ऐकलेली नाही.

हल्ली संध्याकाळी ओसरीवर दोघं बापलेक शेजारी शेजारी पाय पसरून बसतात आणि कुलुइपा चौघांची, म्हणजे चार पायांची, तपासणी करते. तळवे बघायला आरसा धरते. पाणी आधी आपल्या कोपरानं बघते, मगच घमेलं पुढे सरकवते. गुलाइमचे बूट आता रुंद आहेत, आत आधाराच्या पट्ट्या आहेत. ती अजून अडखळते. पण ती पडली तर आता कुणी खिळ्याकडे बघत नाही, तिच्या पायाकडे बघतात.

नखांसाठी औषधाच्या दुकानातून आखूड तोंडाचं एक चिमटेवजा यंत्र आलंय. माझी सवतच ती. सरळ रेषेत कापते, कोपऱ्यात तोंड घालत नाही. मला राग नाही. मी आता फक्त दोरे कापते आणि खिळ्यावर झोके घेते. तुम्हाला मात्र एक हात जोडून, म्हणजे दोन पाती जोडून, विनवते. लेकरांची नखं सरळ कापा, कोपरे उकरू नका. आणि एखादं लेकरू दुखायला हवं तिथं रडत नसेल, तर त्याचं कौतुक करण्याआधी त्याचा पाय हातात घेऊन बघा.

तुशोच्या त्या दिवशी बाळाचा दोराही शेवटी मीच कापला. दोऱ्यासाठी आणलेली सुरी बाजूला ठेवून कुलुइपानं मला शर्यत जिंकलेल्या पोराच्या हाती दिलं. एका फटक्यात कापला. एकच फटका लागला, हे कुलुइपानं मान वळवून, एक बोट वर करून सगळ्या बायकांना दाखवलं, आणि मग सुनेसाठी स्वतःच्या हातानं चहा ओतला. पेला काठोकाठ भरला, चुकून; मानाचा पेला आमच्याकडे अर्धाच भरतात. इतकी ती गडबडली होती.

तर त्याआधी काय झालं ते.

अंगणात सतरंजीवर बाळ उभं होतं, घोट्यांना काळा-पांढरा दोरा. भोवती सगळं गाव. पोरं लांब पॉप्लरच्या झाडांपाशी ओळीत उभी, त्यात गुलाइम, लाल बुटांत. पेरिझात सामोवारच्या, म्हणजे चहाच्या बंबाच्या, जवळ होती, केलिननं असावं तशी, मान खाली. मान खाली होती म्हणूनच तिला दिसलं. गुलाइम ज्या वाटेनं रांगेकडे गेली होती, त्या वाटेवर प्रत्येक उजव्या पावलागणिक एक ओला लाल ठिपका होता. बुटाच्या शिवणीतून झिरपलेला. आणि पोर तिकडे हसत हात हलवत होती. जुमाश शेजाऱ्याला म्हणत होता, आता बघ माझं पिल्लू.

कुणीतरी हात वर केला. पोरं वाकली.

पेरिझातनं किटली खाली ठेवली आणि चालत जाऊन ती वाटेच्या मधोमध उभी राहिली. भर शुभकार्यात, सगळ्या मोठ्यांच्या देखत, शर्यतीच्या वाटेत, दीड महिन्याची केलिन. कुलुइपा उठून आली. आवाज अगदी हळू होता, म्हणजे फार रागावली होती.

“बाजूला हो, केलिन. पोरं पळायची आहेत.”

पेरिझातचा हात खिशात आला आणि माझ्याभोवती आवळला. तिनं मला बाहेर काढून सासूपुढे धरलं. आता ती म्हणणार, एने, चहा आणू, असं मला मनापासून वाटलं.

“एने, कात्री मी लपवली होती. तुम्ही पुन्हा उकरू नये म्हणून. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना पोर मीच दाखवून आणलीय, चिठ्ठी माझ्या पेटीत आहे. दोरा तेव्हा नीटच कापला होता. एका फटक्यात कापला असता तरी पाय असेच राहिले असते, हे नसांचं दुखणं आहे.” मग ती सासऱ्याकडे वळली. “अता, ती धीट नाही. तिला लागलेलं कळतच नाही. अंगठा जाईल तिचा.”

रांगेतून गुलाइम पुढे आली, काय चाललंय ते बघायला, गुडघे उंच उचलत, मागे लाल ठिपके टाकत. पेरिझात तिच्यासमोर गुडघे टेकून बसली, आणि जे नाव घ्यायचं नसतं ते तिनं सगळ्या गावासमोर, स्पष्ट, घेतलं.

“गुलाइम, बूट काढ. सगळ्यांना बघू दे.”